छे हो, त्रास कसला!



मागच्या मे महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे नऊ पाहुणे आले होते. सगळे जुने, चळवळीतले, जवळचे. त्यातल्या दोघांनी आयुष्यभर स्त्रीमुक्तीच्या सभांमधून भाषणं केली आहेत. एकाने तर घरकामाच्या मूल्यावर लेखही लिहिला आहे. म्हणजे 'असल्या' पुरुषांपैकी त्यात कुणी नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते 'असल्या' पुरुषांबद्दल नाही. आपल्यांबद्दल आहे, आणि माझ्याबद्दलही आहे.

निघताना दारात एकजण म्हणाला, "वहिनी, केक झकास झाला होता. तुम्हाला फार त्रास नाही ना झाला?"

आणि मी म्हणाले, "छे हो, त्रास कसला!"

दार लावलं. ओट्यापाशी आले. पन्ह्याचं पातेलं, केकचे दोन डबे, वड्यांची कढई, सतरा ग्लास, अठरा बशा. तिथे उभं राहिल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण आत्ता धडधडीत खोटं बोललो. गेली अडतीस वर्षं दर वेळी दारात उभी राहून हेच खोटं बोलत आले आहे. माझी आई बोलायची, सासूबाई बोलायच्या, तुम्हीही बोलता. या एका वाक्यावर आपला सगळा पाहुणचार उभा आहे, असं माझं म्हणणं आहे. म्हणून आज त्या वाक्याविरुद्ध लिहिते आहे.

त्या रात्री मी वही काढली. आपण वस्त्यांमध्ये बायकांकडून दिवसाच्या कामाचा हिशेब लिहून घेतो ना, तसा माझा लिहिला. यादी आणि शुक्रवारचा बाजार, दीड तास. कैऱ्या उकडणं, गर काढणं, साखर विरघळवणं, वेलची कुटणं, गाळणं, एक तास. दोन केक, सव्वादोन तास. डाळवडे, चटणी, दाण्यांची भेळ, पावणेदोन तास. बैठकीची खोली आवरणं, कपाटातल्या चांगल्या बशा काढून पुसणं, पन्नास मिनिटं. पाहुणे असताना आत-बाहेर, तळणं, वाढणं, एक तास वीस मिनिटं. नंतरची आवराआवर, एक तास. बेरीज नऊ तास चाळीस मिनिटं.

आता नवऱ्याचा हिशेब. बाटल्या, सोडा आणि बर्फ आणणं, चाळीस मिनिटं. बाहेर सगळ्यांच्या देखत लिंबू पिळणं, आलं ठेचणं, कोकमाचं आगळ, रम आणि सोडा एका मोठ्या काचेच्या भांड्यात एकत्र करणं, वर पुदिन्याची पानं टाकणं, वीस मिनिटं. एकूण एक तास. त्या वीस मिनिटांत त्याच्याभोवती घोळका होता. "काय हात आहे रे तुझा!", "प्रमाण सांग", "रम आधी की आगळ आधी?" असं चाललं होतं. आत मी लोणी आणि साखर एकाच दिशेने फेटत होते तेव्हा माझं प्रमाण कुणी विचारलं नव्हतं. कसं विचारणार? तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि सगळी आपापल्या घरी झोपलेली होती.

हे मला महत्त्वाचं वाटतं. पुरुषाने पेय मिसळलं की ते बैठकीत, सर्वांसमोर, पाहुणे आल्यावर होतं. बाईचा केक पाहुणे येण्याआधी, आत, कुणी नसताना होतो. पाहुण्यांना तो दिसतो तेव्हा तयार होऊन, कापून, बशीत आलेला असतो. जणू आकाशातून पडला. एकाचं काम ही कला, दुसरीचं काम हा घराचा गुणधर्म. 'तुमच्याकडे केक छान असतो' असं म्हणतात. केक 'असतो'. कुणी तो करत नाही.

केक करणं म्हणजे काय, हे ज्यांनी केला नाही त्यांच्यासाठी सांगते. लोणी दोन तास आधी बाहेर काढून ठेवावं लागतं. मैदा आणि बेकिंग पावडर तीनदा चाळावी लागते. अंडी एकेक घालून फेटावी लागतात, घाई केली तर मिश्रण फुटतं. मग एकशे ऐंशी अंशांवर चाळीस मिनिटं, आणि त्या चाळीस मिनिटांत दुसरं काम घेता येतं पण घर सोडता येत नाही. पंचविसाव्या मिनिटाला दार उघडलं तर मधोमध बसतो. शेवटी विणायची सुई खुपसून बघायची, कोरडी आली तर झाला. माझी आई स्टोव्हवर पातेल्यात वाळू तापवून त्यात डबा ठेवायची. पुढे कुकर आला, त्याची शिट्टी आणि रिंग काढून त्यात केक व्हायचा. मग ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आला, आता हा आला. साधनं तीनदा बदलली. सुई खुपसणारी तीच राहिली.

गोव्यात नाताळाला बेबिंका करतात. नारळाचं दूध, अंड्याचा बलक, साखर, मैदा, तूप. एक थर ओतायचा, तो वरच्या आचेवर भाजला की त्यावर दुसरा ओतायचा. परंपरेने सात थर, हौस असेल तर जास्त. २०२३ साली गोव्याच्या बेबिंकाला भौगोलिक मानांकन मिळालं. छान झालं. पण प्रत्येक थर भाजून होईपर्यंत त्या आचेपाशी कुणीतरी बसून असतं. त्या बसण्याला कुठलं मानांकन आहे?

हे मी आमच्या गटाच्या बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा एक मैत्रीण सरळ म्हणाली, "बाई गं, रेशन, पाणी, मारहाण, बलात्कार हे प्रश्न समोर असताना केक आणि सरबत हा काय आपला प्रश्न? हा पोट भरलेल्यांचा प्रश्न आहे." तिचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्याला उत्तर देणं हाच या लेखाचा हेतू आहे.

पहिलं उत्तर आकड्यांचं. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं खर्च करत होत्या, पुरुष ९७ मिनिटं. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली. स्त्रिया २८९, पुरुष ८८. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषाचीही नऊ वाचली. हे आकडे फक्त माझ्यासारख्यांच्या घरातले नाहीत, खेड्यांतले आणि शहरांतले सगळे धरून आहेत. वस्तीत पाहुणा आला की बाई शेजारून साखर उसनी आणून चहा टाकते, माझ्याकडे केक होतो. पदार्थ वेगळा, पण 'घरात कुणी आलं की उठायचं कुणी' या प्रश्नाचं उत्तर दोन्हीकडे एकच आहे.

दुसरं उत्तर देशाच्या हिशेबाचं. तोच केक मी शेजारणीला विकला तर तो राष्ट्रीय उत्पन्नात धरला जायला हवा. पाहुण्यांना वाढला तर शून्य. मैदा तोच, हात तेच, चाळीस मिनिटं तीच. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात दाखवून दिलं होतं की २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या स्त्रियांना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्याबरोबर 'काम न करणारे' या एकाच गटात टाकलं होतं. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की अपघाताची भरपाई ठरवताना गृहिणीच्या कामाचं उत्पन्न धरलंच पाहिजे. चांगलाच निकाल आहे. पण कधी धरायचं? बाई अपघातात गेल्यावर! जिवंतपणी जिच्या कामाला 'त्रास कसला' असं म्हटलं जातं, तिच्या कामाला भाव यायला तिला मरावं लागतं. २०२३ साली मद्रास उच्च न्यायालयाने एका खटल्यात पत्नीच्या घरकामाचा वाटा मान्य करून तिला मालमत्तेत हिस्सा दिला, तेव्हा कुठे जिवंत बाईचा हिशेब सुरू झाला.

या हातांची किंमत बायकांनी स्वतः मात्र केव्हाच ओळखली होती. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. २०२० च्या टाळेबंदीत कितीतरी जणींनी घरच्या ओव्हनवर केक करून घर चालवलं. या तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट घडली. 'तिला आवड आहे' असं ज्याबद्दल म्हणत होते, त्याला दर लागला.

'आवड' या शब्दाबद्दलही बोलायला हवं, कारण घरातला वाद नेहमी तिथेच येऊन थांबतो. "तुला आवडतं म्हणून तू करतेस, नाहीतर आपण आणलं असतं की बाहेरून." हो, मला आवडतं. ओव्हनमधून तो वास सुटतो तेव्हा मला अजूनही लहान मुलीसारखा आनंद होतो. हे कबूल करताना मला कसलाही कमीपणा वाटत नाही, आणि ज्या मुक्तीत केक करता येत नाही ती मला नको आहे. पण आवड कशाला म्हणायचं? जे नाही केलं तरी चालतं त्याला. मी एकदा विकतचा केक आणला होता. वन्सं सहज म्हणाल्या, "अगंबाई, या वेळी वेळ नाही मिळाला वाटतं." नवऱ्याने जर कधी विकतची थंड पेयं आणून ठेवली, तर त्याला असं कुणी म्हणेल? जे टाळलं तर बोल लागतो, ते काम कितीही आवडीचं असलं तरी शेवटी कामच.

आणि हे आवडायला आपल्याला शिकवलेलं असतं. दाखवण्याचा कार्यक्रम आठवा. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर येते, पाहुणे विचारतात, "पोहे हिनेच केले का?" मुलाच्या हातात कुणी सरबताचा ट्रे देत नाही. पाहुण्यासमोर उभं राहून पसंतीची वाट बघणं हा आपल्या कितीजणींचा संसारातला पहिला धडा असतो. दारातलं ते 'त्रास कसला' त्याच धड्याचं पुढचं पान आहे.

पाककृतींचं कुठलंही पुस्तक उघडा. साहित्य असतं, कृती असते. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने तर १९७० साली वाटी-चमच्यांची मापं देऊन नवख्या मुलींवर मोठे उपकार केले. पण साहित्यात मैद्याच्या आणि साखरेच्या खाली 'एक बाई, अडीच तास' असं लिहिण्याची पद्धत नाही. तेवढं धरूनच चालायचं असतं.

आता बाटलीकडे येते. आपल्या चळवळीचं दारूशी जुनं भांडण आहे. १९९२ साली नेल्लोरच्या बायकांनी अरकाविरुद्ध आंदोलन उभारलं. महाराष्ट्रात गावोगावच्या बायकांनी उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान घडवून दुकानं बंद केली. आपण त्यांच्याबरोबर होतो, आणि त्या बायका बरोबर होत्या, कारण गुत्त्यातून परत येणाऱ्याचा मार त्यांनी खाल्लेला आहे. पण मग आपल्या घरातल्या बैठकीत बाटली उभी राहते तेव्हा आपण गप्प का असतो? मी दारूबंदीचा उपदेश करत नाही. मी एवढंच विचारते की त्या बाटलीभोवती कामाची वाटणी कशी होते? पुरुष पितात आणि देश, जात, क्रांती यांवर बोलतात. बायकांच्या हाती पन्हं येतं. पुरुषांच्या पिण्याबरोबर चाखणा लागतो, तो गरम लागतो, तो पुन्हा पुन्हा लागतो. आणि बाईने स्वतःसाठी एक ग्लास भरला तर ती 'तसली' ठरते. दहा जणांच्या ग्लासाबरोबर वडे तळून दिले तर 'सुगरण'. खरं सांगते, त्या शनिवारी मीही एक ग्लास घेतला असता. पण तेल तापलं होतं. 'जातीअंताच्या लढ्यात स्त्रियांचं स्थान' यावर बाहेर फार चांगली चर्चा झाली, असं मला नंतर कळलं.

इथपर्यंत वाचून बैठकीत सगळ्या हसल्या. माझी बाजू पक्की झाली असं मला वाटलं. तेवढ्यात घरकामगार संघटनेत काम करणारी आमची एक मैत्रीण बोलली. ती स्वतः चार घरची कामं करते. ती म्हणाली, "ताई, पाहुणे तुमच्याकडे आले. भांडी माझ्यासारखीकडे आली. ती कुठे आहेत तुमच्या वहीत?"

नव्हती. मी आवराआवर लिहिली होती, पण रात्री नुसतं खरकटं काढून ढीग रचला होता. रविवारी सकाळी आमच्याकडे येणाऱ्या बाईंनी तो घासला. रोजच्यापेक्षा पाऊण तास जास्त. त्याचे पैसे मी दिले नव्हते. एक केकचा तुकडा दिला होता, आणि तो देताना मला बरं वाटलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "काही नाही हो ताई, होतंय." तेच वाक्य! दारात मी पाहुण्यांना म्हणाले ते, मोरीपाशी त्या मला म्हणाल्या. मला ते खोटं म्हणून ऐकू आलं नाही. मला तो त्यांचा चांगुलपणा वाटला. माझ्या नवऱ्याला माझा वाटतो तसाच.

१९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, संघटना बांधली. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्या लढ्याच्या मोर्च्यांत आपण घोषणा दिल्या. आणि आपल्या घरात पाहुणे आले की जादा कामाचा दर केकच्या तुकड्यात चुकता केला. "विकत आणा, बाई लावा, म्हणजे सुटलात" असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हेच आहे. नऊ तास चाळीस मिनिटं कुठे जात नाहीत. ती एका बाईच्या अंगावरून दुसरीच्या अंगावर, जास्त गरीब, बहुतेक वेळा खालच्या मानलेल्या जातीतल्या बाईच्या अंगावर सरकतात. तिचा कप वेगळा ठेवणारी घरं अजून आहेत. अतिथीला देव मानणाऱ्या या संस्कृतीत रोज घरात येणारी ती मात्र कधीच अतिथी नसते. म्हणून केक हा माझ्या मैत्रिणीचाही प्रश्न आहे. पोट भरलेल्याच्या घरातला केक कुणाच्या पाठीवर भाजला जातो, हा तिचाच प्रश्न आहे.

मग करायचं काय? पाहुणे बंद करायचे? नाही. माणसं घरी यावीत, बसावीत, खावीत. चळवळी सभागृहात जेवढ्या वाढल्या तेवढ्याच स्वयंपाकघराशेजारच्या खोल्यांमध्ये वाढल्या. आपल्याकडे पूर्वी उन्हातून आलेल्याला गूळपाणी द्यायचे. ते घरातलं पोरसुद्धा देऊ शकायचं. पाहुणचाराचं खरं माप तेवढंच होतं. बाकीचं आपण प्रतिष्ठेसाठी चढवलं आणि बाईच्या डोक्यावर ठेवलं.

१९७५ च्या २४ ऑक्टोबरला आइसलंडमधल्या सुमारे नव्वद टक्के बायकांनी एक दिवस नोकरी आणि घरकाम दोन्ही बंद ठेवलं. देश ठप्प झाला तेव्हा कुठे पुरुषांना कळलं की तो कशावर चालला होता. तेवढं मोठं आपल्याला एकदम जमणार नाही. पण पुढच्या शनिवारी जमेल असं सांगते.

जो बोलावेल तो करेल. 'चला रे घरी' असं म्हणणाऱ्यानेच कैऱ्या उकडायच्या. जादा माणसं येणार असतील तर घरकामाला येणाऱ्या बाईंना आधी विचारायचं, जादा कामाचा दर आधी ठरवायचा, आणि त्या नाही म्हणाल्या तर पाहुण्यांसकट सगळ्यांनी भांडी घासायची. मुलग्यांना आंबट-गोड पेयं मिसळण्याआधी मैदा चाळायला शिकवायचं. आपल्या संघटनांच्या बैठकीत चहा कोण करतं याची एकदा नोंद ठेवायची. लाज वाटेल, पण ठेवायची. आणि दारात कुणी विचारलं तर खरं बोलायचं.

आम्ही हे सप्टेंबरमध्ये करून पाहिलं. तीच माणसं, तेच घर. या वेळी केक नवऱ्याने केला. पंचविसाव्या मिनिटाला त्याने ओव्हनचं दार उघडलं, केक मधोमध बसला. पाहुण्यांनी त्या बसलेल्या केकचं असं कौतुक केलं की माझ्या अडतीस वर्षांतल्या सगळ्या फुगलेल्या केकांचं मिळून झालं नसेल. "अरे वा, तू स्वतः केलास?" मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. पण निघताना दारात त्याच मित्राने त्याला विचारलं, "फार त्रास नाही ना झाला?" तर तो म्हणाला, "झाला ना! तीन तास लागले, पाठ मोडली."

खरं बोलायला त्याला एक केक पुरला. आपल्यालाही आता उशीर झाला आहे. पुढच्या वेळी दारात उभ्या राहाल तेव्हा मनाशी बेरीज करून ठेवा, आणि विचारलं तर मिनिटांसकट सांगा. रविवारी सकाळी मोरीपाशी कुणी तुम्हाला 'होतंय हो ताई' असं म्हणाल्या, तर तेही खोटं आहे हे ओळखा, आणि पैसे मोजा.